शेवग्यापर्यंत रेंज

३ डिसें.
कारखान्यात पेंटशॉपच्या वळणावर माल वाहणाऱ्या विनाड्रायव्हरच्या गाड्या आज पुन्हा थबकल्या. एका वायफायवरून दुसऱ्यावर जाताना संपर्क तुटतो, आणि तुटला की गाडीनं जागच्या जागी थांबायचं. लाइनवरचे शेखभाई म्हणाले, "मॅडम, तुमची नवरी परत रुसली." सगळे हसले, मीही.

घरी अण्णांना दादाचा फोन आला होता. आई सांगते, बोलत बोलत अंगणात गेले आणि लगेच परत. "त्यानं ठिवला," एवढंच. दादानं न विचारता लग्न केलं तेव्हापासून त्याचं तिकडं तमिळनाडूतल्या होसूरहून घरी येणं बंद. आता कुठं फोन करायला लागलाय, तर हे.

५ डिसें.
दादाला मेसेज केला. उत्तर: "मी नाही ठेवला. अण्णांनीच आपटला. नेहमीचंच."
खाण तशी माती. उलट फोन दोघांपैकी एकही करणार नाही.

८ डिसें.
वळणावर गाड्या थांबण्याचं कारण सापडलं. जुनं वायफाय पार मरेपर्यंत गाडी ते सोडतच नाही, मग नवं शोधत बसते. आता पुढचं आधीच हेरून ठेवायचं, मागचं वेळेत सोडायचं, असं लावलं. दुपारभर एकही थांबली नाही. शेखभाईंकडून वडापाव.

परतताना कंपनीच्या बसमध्ये एकदम डोक्यात आलं. अण्णा! घरात मोबाइलला रेंज नाही, फोन वायफायवर चालतो. मनातलं बोलायचं असलं की अण्णा आमच्यापासून लांब, अंगणातल्या शेवग्याखाली जातात. तिथं वायफाय संपतं, आणि मोबाइलची रेंज पकडेपर्यंत फोन कट. कुणीच ठेवला नव्हता. दिवसभर मी हेच काम करते! दिव्याखाली अंधार. रडूच आलं.

९ डिसें.
अण्णांना समजावलं. "व्हय? मशीननं ठिवला म्हन की." पटलेलं नाही.
"मग घरात बसून बोला ना."
"समद्यांम्होरं?"
विषय संपला.

संध्याकाळी वायफायचा जुना डबा ओसरीच्या खांबावर बसवला. मैत्रिणीला फोन लावून घर ते शेवगा फेऱ्या मारल्या. शेजारच्या काकू बघत होत्या, बघू देत. एकदा तुटला. डबा अजून वर सरकवला, मग नाही तुटला.

१४ डिसें., रविवार
दादाचा फोन. अण्णा उठून बाहेर निघाले. मी खिडकीत, आई परातीपाशी. ओसरी. अंगण. शेवगा. तुटला नाही.

अण्णा मात्र गप्प. फोन कानाला, पाठ आमच्याकडे. आज "त्यानं ठिवला" म्हणायची सोय नव्हती.

मग वळले, तसेच आत आले आणि फोन आईपुढं धरला. "तू इचार. सूनबाईला बाजरीची भाकर चालती का."

आईचे हात पिठात. मी फोन तिच्या कानाशी धरला. तिनं विचारलं. अण्णा दारातच उभे.

दादा अजून काही बोलला नव्हता. फोन चालू होता.