नामशेष बाजूची काकू

लंडन, ७ ऑगस्ट २०१६

ती. गोपीनाथकाकांस,
नीलमचा सा. न. वि. वि.

आशागडच्या नव्या घराच्या दर्शनी भिंतीसाठी तुम्ही नक्षी शोधताय, असं बाबांनी सांगितलं. मी फोटो पाठवणार होते, तर तुमचा निरोप, की फोटोवरून उतरवून काढायला मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे, निवृत्त झेरॉक्स मशीन नाही. तेव्हा वर्णन वाचा.

माझ्या कॉलेजच्या वाटेवर प्राण्यांचं म्युझियम आहे, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, १८८१ साली उघडलेलं. बाहेरून थेट देऊळ वाटतं. सगळं अंग भाजलेल्या मातीचं. तेव्हा इथल्या हवेत इतकी काजळी, की दगड काळा पडायचा. ही माती धुता येते. (काकूला हे पटेल.) आत कमानींवर मातीची माकडं चढताहेत. गंमत म्हणजे समोर उभं राहिलं की डावीकडच्या भिंतीवर आज जिवंत असलेले प्राणी, आणि उजवीकडे नामशेष झालेले.

लोभ आहेच, तो ताकासारखा पातळ होऊ देऊ नका.
नीलम

आशागड, १२ सप्टेंबर २०१६

चि. नीलम हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी सरावलीच्या शुक्रा गवंड्याला तीनदा वाचून दाखवलं. अर्धी हयात त्याने कौलांच्या भट्टीवर काढली, त्यामुळे प्राणी झकास भाजले. डायनासोर त्याने घोरपडीवर बेतला. डोडो जरा कोंबड्यावर गेलाय.

प्रभाला, म्हणजे तुझ्या काकूला, नवल वाटावं म्हणून तिचाही चेहरा घडवला आणि जिवंतांच्या बाजूला, रस्त्यावरून डावीकडे, स्वतः बसवला. मग डावीकडे जिवंत, उजवीकडे मेलेले, असं शुक्राला बजावून मी झरीला आमंत्रणं द्यायला गेलो. तिथेच घात झाला. शुक्राच्या मते घराचं डावं-उजवं उंबऱ्यात उभं राहून, बाहेर तोंड करून बघायचं. रस्त्यावरून घर बघतो तो चोर! परत येतो तो तुझी काकू डोडो आणि डायनासोर यांच्या मधोमध.

आता सिमेंट घट्ट झालंय. काढायला गेलं तर आधी नाक फुटेल. शुक्रा म्हणतो, वहिनींच्या नाकावर हातोडा तुम्हीच मारा. प्रभा झरीला बहिणीकडे निघून गेलीय. दसऱ्याला वास्तुशांत, आणि तिचा निरोप आलाय, की नामशेष झालेली बाई पूजेला कशी बसणार? बाई, मी खरंच घाबरलोय. तिच्याशिवाय मी या घरात पाऊल टाकणार नाही. काहीतरी सुचव.

तुझा
गोपीनाथकाका

लंडन, २५ सप्टेंबर २०१६

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं, माफ करा. काकूला एवढंच सांगा, की म्युझियमनेसुद्धा आपला नियम आतून मोडलाय. हल्ली डायनासोरांचे सांगाडे जिवंतांच्याच बाजूला मांडलेत. भिंत काहीही म्हणो, आत कुणीही कुठेही राहतं.

माझ्या वतीने तिचे पाय धरा, दोन्ही.
नीलम

आशागड, १५ ऑक्टोबर २०१६

चि. नीलम हिस,
काकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी माझ्या बहिणीच्या अंगणात उभं राहून खड्या आवाजात वाचलं. मी विचारलं, म्हणजे मी डायनासोर का? तर चहा न घेताच गेले. पुन्हा असले सल्ले देत जाऊ नकोस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शुक्रा मोटारसायकल घेऊन आला. म्हणाला, वहिनी, एकदा बघा आणि मग हवा तेवढा राग धरा. आले. बघते तर भिंतीवर माझ्या शेजारी नवा चेहरा: टक्कल, चष्मा, कान जरा मोठेच. हे खाली मान घालून उभे. म्हणाले, तू त्या बाजूला गेलीस, मग मी इकडे शेळ्या-बकऱ्यांत एकटा जगून काय करू? मला रडू आलं, आणि यांचे कान बघून हसूही. वास्तुशांत झाली. पूजेला मी यांच्या उजवीकडेच बसले. कुठून बघून उजवी, ते भटजींना आधी विचारून घेतलं.

आता येणारे-जाणारे थांबतात. डोडोला कोंबडा म्हणतात, डायनासोरला घोरपड, आणि विचारतात, हा चष्मेवाला प्राणी कोणता? मी सांगते, ही जात कधीच संपली. एकच उरलाय, तो मी घरात ठेवलाय.

माया आहे, ती तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझी
प्रभाकाकू