सालसेडो, मूळचे स्पेनचे

७ जुलै २००७, शनिवार

जोएल जेवून गेला. पिठलं-भात दोनदा घेतला, हाताने कालवून, मनगटापर्यंत ओघळ न येऊ देता. माझ्या नवऱ्याला, श्री.ला, पुण्यात वाढून हे जमत नाही.

तो गेल्यावर जान्हवीने टेबलाशीच सांगितलं. डिसेंबरात लग्न. बाबाला मान्य असेल तर हॉल, जेवण, सगळं. नसेल तर दोघं जाऊन रजिस्टर करतील, आणि पुढे तिला घरी बोलवायचं की नाही ते आमचं आम्ही बघायचं. एकुलती एक पोर, ऑकलंडला वाढलेली. हे सगळं मराठीत बोलली, म्हणजे पाठ करून आली होती.

श्री. एकच वाक्य बोलला. "नर्स, आणि त्यात फिलिपिनो." मग पावसात गाडी धुवायला गेला.

जोएल तिच्याच हॉस्पिटलात असतो. ती एक्स-रेत, तो वॉर्डात. मला आवडला. मला कोणी विचारलं नाही.

११ जुलै, बुध.

श्री. ऑफिसातून आला तो हसत. आख्खा दिवस बँकेच्या कॉम्प्युटरवर सालसेडो हे आडनाव शोधत होता. "स्पॅनिश आहे. अस्सल." स्पेनच्या उत्तरेला सालसेडो नावाची गावं आहेत म्हणे. म्हणजे आपल्यासारखंच, गावावरून पडलेलं. अर्थ वाळुंजाचं बन. "थोडक्यात वाळुंजकर," म्हणून स्वतःच हसला. तिथून मेक्सिको, पेरू, इक्वेडोर, फिलिपिन्स. हवेत हाताने नकाशा काढून दाखवला.

शिवाय जोएलच्या बिल्ल्यावर 'जोएल एम. सालसेडो' असतं. एम म्हणजे वडील. मिगेल असणार. मधलं नाव वडिलांचंच, यात त्याला शंकाच नाही.

जोएललाच विचार की, म्हटलं. तर म्हणे असं तोंडावर विचारत नाहीत.

चार दिवस तोंड पाडून होता. आज पोळ्या मागून घेतल्या.

१५ जुलै, रवि.

पुण्याला फोन. उषावन्सं, श्री.ची थोरली बहीण. घरातला शेवटचा शब्द त्यांचा, समुद्रापलीकडूनही. फोन स्पीकरवर.

"मुलगा मूळचा स्पेनचा गं. मिगेल सालसेडोंचा मुलगा. मधल्या पिढ्या फिलिपिन्समध्ये." वन्संनी विचारलं, गोरा आहे का. गव्हाळ, म्हणाला. मेडिकल लाइनला आहे, म्हणाला. नर्स हा शब्द कुठे गेला देव जाणे.

जान्हवी घरात नव्हती. मी होते. कणीक मळत होते, तशीच मळत राहिले.

२२ जुलै, रवि.

हद्द झाली. टेलिफोनच्या पुस्तकात ऑकलंडचे सालसेडो शोधून त्यातल्या एकाला श्री.ने चक्क फोन केला, आणि आज बॉटनी उपनगरातल्या मॉलमध्ये त्याच्याबरोबर कॉफी घेऊन आला. तो इक्वेडोरचा. फरशा बसवतो. फिलिपिन्सशी त्याचा काही संबंध नाही, स्पेन त्याने पाहिलेलं नाही, त्याच्या देशात शेकड्यांनी सालसेडो आहेत. "पण काय अदब आहे माणसात. रक्त बोलतं," इति श्री.

त्याच पुस्तकात शिरगावकर बघितले. एकच नोंद, आमची. आणि हा माणूस उभ्या आयुष्यात शिरगावला गेलेला नाही. सासरे असताना एकदा निघाले होते, घाटात गाडी लागली म्हणून परत फिरले.

२८ जुलै, शनि.

बॉटनी डाउन्सला एकांकडे सत्यनारायण. प्रसाद मिळेपर्यंत सगळ्यांना जावई स्पेनचा झाल्याचं कळलेलं. कोणीतरी विचारलं, फुटबॉल बघत असेल ना? मी म्हटलं बास्केटबॉल खेळतो. तेवढंच खरं बोलले.

येताना गाडीत म्हटलं, जान्हवीच्या कानावर गेलं तर. "गेलं तर काय? खोटं काय आहे त्यात?"

त्याला खरंच तसं वाटतं. त्याचीच चीड जास्त येते.

४ ऑगस्ट, शनि.

जेवताना श्री.ची टूम. लग्नात ताटात तांदूळ पसरून जोएलने अंगठीने नाव लिहायचं, आपली पद्धत आहे. 'जान्हवी' त्या लोकांना उच्चारता यायचं नाही. 'इसाबेला' कसं वाटतं?

जान्हवीला आधी गंमत वाटली. मग बाप गंभीर आहे हे कळलं. "माय नेम इज जान्हवी, बाबा. आय लाइक इट." ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेली. विषय संपला. दोन वाक्यांत.

इतकं सोपं होतं?

माझं ताट आठवतंय. पितळी होतं. तांदूळ कुठल्यातरी जाड जातीचे, अंगठी सरकेना. श्री. लिहीत होता आणि उषावन्सं मागून सांगत होत्या, 'श' नीट काढ. नाव त्यांनीच ठरवलेलं. मंगल म्हणे फार जुनाट. शर्वरी शिरगावकर, श-श कसं छान जुळतं. सगळ्यांना पेढे वाटले. माझ्या आईने पेढा खाल्ला आणि लगेच 'शर्वरी, इकडे ये गं' म्हणून हाक मारली, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून. त्यानंतर तिनेही कधी मंगल म्हटलं नाही.

मी काम करते त्या फार्मसीत माझ्या बिल्ल्यावर शॅरी आहे. पापाटोएटोतल्या गिऱ्हाइकांना शर्वरी जड जातं म्हणून मालकाने छापून दिला. तोही कोणी मला विचारून नाही.

११ ऑगस्ट, शनि.

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

जोएलची आई आली आहे मनिलाहून, महिन्या-दोन महिन्यांसाठी. लिगाया. माझ्याच वयाची, बुटकी, हसरी, शाळेतली शिक्षिका. दोघं जेवायला आले. श्री.ने कोट घातला होता. घरात.

सूप होईपर्यंत दम धरला. मग म्हणाला, मिस्टर मिगेल असते तर आज आनंद झाला असता. बाई बघत राहिल्या. मिगेल कोण? जोएलच्या वडिलांचं नाव रोहेलिओ, सहा वर्षांपूर्वी गेले.

"मग तो एम?"

"एम म्हणजे मी," लिगाया म्हणाली. "मकाराएग. माझं माहेरचं आडनाव. आमच्याकडे मधलं नाव आईचं असतं."

इथे थांबायचं ना माणसाने. नाही. श्री. म्हणाला, आणि सालसेडो स्पेनच्या कुठल्या भागातले? घराण्याचा काही इतिहास?

ती मनापासून हसली, तिला वाटलं हा चेष्टा करतोय. मग शाळेत सांगावं तसं सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी स्पॅनिश सरकारला कर गोळा करायला सोपं जावं म्हणून सगळ्यांना आडनावं वाटली. मोठी यादी होती, तिची पानं गावोगाव दिली. "माझ्या नवऱ्याच्या गावाला एसचं पान आलं. आख्खं गाव एस. सालसेडो, सांतोस, सोरियानो. शेजारच्या गावात टी. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही हो. त्याआधी काय नाव होतं ते कोणालाच माहीत नाही."

जोएल म्हणाला, कारकून दुसऱ्या ओळीवर असता तर मी सोरियानो झालो असतो. हसला. कोणी हसलं नाही, कारण तोवर जान्हवी बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही लोकांना काय सांगितलंय?"

श्री. पाणी प्यायला. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिला कळलं.

मराठीतच बोलली, त्या दोघांना कळू नये म्हणून. "तुम्हाला त्याची लाज वाटते. आणि आई, तुला माहीत होतं."

बॅग भरून त्यांच्याबरोबरच गेली. लिगायाला काय झालं ते धड कळलंही नसेल. जाताना माझे हात धरून जेवण छान होतं म्हणाली.

१२ ऑगस्ट, रवि.

फोन नाही. श्री. भिंतीकडे तोंड करून पडून. दुपारी उठून पहिलं वाक्य, "आता लोकांना काय सांगायचं?"

मी भांडी घासली. जोरात.

१९ ऑगस्ट, रवि.

आठवडा गेला. तिने मेसेज टाकला, ठीक आहे, काळजी करू नकोस. रजिस्टर लग्नच करणार, साक्षीदार दोन मैत्रिणी.

श्री. म्हणतो करू दे. म्हणतो आणि तिच्या खोलीतला हीटर चालू आहे का बघून येतो. मला दिसत नाही असं त्याला वाटतं.

२५ ऑगस्ट, शनि.

फार्मसी सुटल्यावर श्री.ला न सांगता जोएलच्या फ्लॅटवर गेले, दुकानापासून चालत. जान्हवी ड्यूटीवर. लिगाया एकटीच, भात लावत होती. बोटाच्या पेराने पाणी मोजते, माझ्यासारखंच.

झालं ते सांगितलं. तिला राग आला नाही. म्हणाली, सरकारने दिलेलं नाव इतकी वर्षं अंगावर वागवलं की ते आपलंच वाटायला लागतं, दुसऱ्याला खरं वाटलं तर त्याचा काय दोष. पण मकाराएग तिचं खरं जुनं आहे, यादीच्या आधीचं. त्याचा तिला अभिमान. मुलाच्या नावात आहे, तेवढं बास.

मग विचारलं, तुझं काय होतं?

मला कळेना कुठलं सांगू. म्हटलं, मंगल. मंगल भागवत. मोठ्याने म्हणायची सवय गेलेली. तिने दोनतीनदा म्हणून बघितलं. मंगल. बरोबर म्हटलं अगदी, नावात अवघड ळ नाही की काही नाही.

रडले तिथे. ओळख ना पाळख, परक्या बाईच्या ओट्याला टेकून.

२ सप्टेंबर, रवि.

आज इकडचा फादर्स डे. जान्हवीचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. श्री. पेपर धरून बसलेला, पान उलटत नव्हता.

कीव आली म्हणून बोलून गेले. म्हटलं, त्यांच्यात मधलं नाव आईच्या माहेरचं असतं ना, मग जान्हवीच्या मुलांचं मधलं नाव शिरगावकर असणार.

पेपर खाली आला. "काय म्हणालीस?"

पुन्हा सांगितलं. उठला, दाढी केली, कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इकडे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) फुलं घेतली आणि मला म्हणाला चल. फ्लॅटच्या दारात लेकीपुढे उभं राहून सॉरी म्हणाला, जोएलला मिठी मारली. जान्हवी रडली. सगळे रडले. हॉल बुक करायचं ठरलं.

लेकीला वाटतंय बाप बदलला. वाटू दे. मला माहीत आहे त्याला कशाने उठवलं. माझ्या तोंडून निघालं, म्हणून जास्त लागतंय. परत येताना गाडीत शीळ घालत होता.

आणि गाडीत बसल्या बसल्या हिशेब लागला. नातवंडांच्या नावात सालसेडो असेल, शिरगावकर असेल. भागवत कुठेच नाही. मंगल तर नाहीच नाही.

८ सप्टेंबर, शनि.

वन्संना फोन. "शिरगावकर नाव न्यूझीलंडमध्ये टिकणार बघ, त्यांच्यात तशी पद्धतच आहे. फार प्रगत समाज." स्पेनचं नावही निघालं नाही. वन्संनीही विचारलं नाही. त्यांना शिरगावकर पुरेसं आहे.

१५ सप्टेंबर, शनि. गणपती

पंचवीसेक माणसं घरात. जोएलने टाळ धरला, ठेका बरोबर. श्री. प्रत्येकाला नवीन गोष्ट सांगतोय. फिलिपिनो हा शब्द आता मोठ्याने. चांगलंच आहे ना?

मी स्वयंपाकघरात मोदकपात्राशी. लिगायाने मोदक वळायला घेतलेला, पाकळ्या जमेनात. मला दाखवायला हॉलच्या दारातूनच हाक मारली.

"मंगल!"

सगळ्यांच्या माना वळल्या. इथल्या कोणीच ते नाव ऐकलेलं नाही. श्री. हसत पुढे झाला आणि तिला समजावून सांगितलं, हिचं नाव शर्वरी.

"तिनेच मला मंगल सांगितलं," लिगाया म्हणाली.

"ते जुनं. आता नाही ते."

तिने माझ्याकडे बघितलं. जान्हवीनेही. मी झाकण उचलून मोदक झालेत का बघत होते. अजून व्हायचे होते.

२३ सप्टेंबर, रवि.

कार्ड छापायला जायचंय. श्री.ने मजकूर दिलाच आहे, श्रीकांत आणि शर्वरी शिरगावकर यांची कन्या.

संध्याकाळी जान्हवीचा मेसेज. "प्रिंटरला उद्या सकाळी पाठवतेय. लिगायाने मला सगळं सांगितलं. तुझं नाव तुला हवं ते लिहिते, बाबांना मी बघते. कुठलं लिहू?"

तिने विचारलं. जन्मात पहिल्यांदा कोणी विचारलं.

लगेच टाइप केलं. मंगल. मग थांबले. पुढे काय? भागवत लिहावं तर माझे बाबा गेले, दादाने घर विकलं, त्याच्या सुनेला मी माहीतही नाही. शिरगावकर लिहावं तर ते श्री.चं. तेही वाटलेलंच की, एसच्या पानासारखं.

श्री. बाहेरून विचारतोय, कार्डाचं झालं का.

मोबाइल हातात आहे. मंगल एवढंच दिसतंय. अजून पाठवलेलं नाही.