तुराट्यांवरच्या चिंध्या

उदगीर, मंगळवार, फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

गावकऱ्यांना आमच्या संस्थेचं उत्खनन दाखवायचा हट्ट माझाच. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेताचे शिवाप्पा पोतंभर जुनी खापरं वेचून घेऊन आले, आणि उत्खननाचे प्रमुख असलेले आमचे सर माझ्यावर भडकले. "जागेवरून उचललं की खापर मुकं होतं, कुठलं ते सांगत नाही! इथं संशोधन करायचंय, जत्रा नाही भरवायची."

खरंच होतं ते. मग मी घरोघरी सांगत फिरले, खापर दिसलं तर उचलू नका, तिथं तुरीची वाळकी काडी, तुराटी रोवा, वर चिंधी बांधा. ऐकतील? मलाच कुठं खात्री होती!

आज शिवाप्पांनी बांधावर बोलावलं. "ताई, कशालाच हात न्हाई लावला बघा."

शेतभर चिंध्या! जुन्या लुगड्यांच्या, लाल, हिरव्या, फडफडणाऱ्या. आमच्या खड्ड्यापासून निघालेल्या, बांध ओलांडून पार ओढ्यापर्यंत गेलेल्या. आम्ही आपलं एक घर खणत बसलो होतो, इथं तर जमिनीखाली अख्खं गाव आहे!

सरांना बोलावून आणलं, तर ते चिंध्या मोजत पार ओढ्यापर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "शेजारच्या गावालाही बोलाव. भरू दे जत्रा."