बारशाआधीचे दिवस

२१ जानेवारी १९८६, मंगळवार

काल हात पुन्हा खाली आला. फळ्यावर 'सूर्योदय' लिहीत होते – 'द'पर्यंत पोचले आणि दंडातला जीवच गेला. तिसरीची पोरं, ती हसणारच. मी खडू ठेवला, वाचन सुरू करायला लावलं. मोठ्या बाई दारातून बघत होत्या. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "सावंतबाई, आठवा महिना आहे, मान्य. पण डोळे तरी उघडे ठेवा ना. वर्गात झोपा काढताय असं दिसतं."

झोपत नाही मी! पापण्या आपोआप खाली येतात. सकाळी सगळं ठीक असतं. दुपारनंतर एकाचे दोन दिसायला लागतात, आवाज नाकातून येतो, भाकरी चावून जबडा थकतो. चार वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, वीकनेस. टॉनिकच्या इतक्या बाटल्या झाल्या की सासूबाई त्यात मोहरी, मेथ्या भरतात.

म्हणून शक्यतो सकाळीच लिहिते. हात धड असतो तोवर.

२४ जानेवारी

सासूबाईंनी वेणी घातली. माझे हात डोक्यापर्यंत टिकतच नाहीत. घालता घालता तोंड चालू – "खाणा नाय, पिणा नाय, मगे अंगात बळ खयसून येतला?" वेणी मात्र अगदी हलक्या हाताने घालतात.

ह्या वेळी तरी नीट होऊ दे.

पहिल्याचं इथे कधी लिहिलं नाही. आज लिहिते. साडेतीन वर्षं झाली. तो दूध ओढायचा नाही. दोनदा ओढायचा, थकायचा, तोंड उघडंच राहायचं. रडणं म्हणजे मांजरीच्या पिल्लाएवढं. प्रसूतिगृहात सगळे म्हणायचे, किती शांत बाळ! सातव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही. ह्यांनी आणि शेजारच्या अंबादासकाकांनी टॉवेलात गुंडाळून नेलं. कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सासूबाई तेव्हा एकदाच बोलल्या – "तुझ्या दुधात कस नाय." आणि हे? हे त्या दिवसापासून त्याच्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. फॅक्टरी, पाळी, पेपर, झोप. विसरले असतील. पुरुषांना विसरता येत असेल.

मला नाही येत. शाळेशेजारच्या बालवाडीत साडेतीन वर्षांची पोरं येतात. नाक गळत असतं, चड्डी घसरत असते. मी रोज त्यांच्यात एक शोधते. नाव असतं तर मनातल्या मनात हाक तरी मारता आली असती.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी झाली. पहाटे पाच वाजता. चिमटा लावावा लागला, शेवटी माझ्यात जोरच उरला नाही.

रडली नाही.

१० फेब्रुवारी

तिला वर नर्सरीत ठेवलंय. ऑक्सिजन लावलाय म्हणे. ह्या वेळी म्युनिसिपालिटीचं मोठं हॉस्पिटल आहे, हे हट्टाने इथेच घेऊन आले. माझ्या शेजारच्या खाटांवर सगळ्यांची बाळं रडतायत. किती सुंदर रडतात!

हे भेटायच्या वेळेत आले. म्हणाले, "बघून आलो. नाक तुझ्यासारखं आहे." मी विचारलं, दूध घेते का? खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "नळीने देतायत."

तेच. तेच सगळं पुन्हा.

११ फेब्रुवारी

छाती दगडासारखी झालीय. वाटीत दूध काढून दिलं, आया घेऊन गेली. अजून तिला हात लावलेला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नर्सरीतल्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. रोझारिओ नाव, तरुण, मरोळच्या गावठाणातल्या, मराठी आपल्यासारखं. "सावंत बेबीची आई कोण?" मी हात वर केला. तो हळूहळू खालीच आला. त्या तिथेच थबकल्या. बाळाबद्दल बोलायचं सोडून माझ्याकडेच बघायला लागल्या.

"वर बघा. त्या पंख्याकडे. नजर हलवायची नाही."

बघितलं. त्या घड्याळ धरून उभ्या. पंख्याचे दोन पंखे झाले, मग पापण्यांनी सगळंच झाकून टाकलं.

"हे कधीपासून?"

"चार वर्षं."

"आणि कुणी काहीच म्हटलं नाही?"

"म्हणाले ना. वीकनेस."

"हसून दाखवा."

हसले.

"हे हसणं आहे?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. मी म्हटलं, हो. लग्नाच्या फोटोत बरं हसू आलं होतं. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत मी रागावल्यासारखी दिसते.

"पहिलं बाळ?"

"सातव्या दिवशी गेलं."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि जवळजवळ धावत निघून गेल्या.

१४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दुपारी तीन वाजता – माझी सगळ्यात वाईट वेळ मुद्दाम निवडली – रोझारिओबाई आणि एक मोठे डॉक्टर आले. दंडात इंजेक्शन दिलं. पोटात मुरडा आला, तोंडाला पाणी सुटलं. म्हणाले, थांबा जरा. थांबले. दहा मिनिटं झाली असतील. वॉर्ड उजेडाने भरला. मला वाटलं कुणी पडदा सरकवला. पडदा नव्हता, माझ्या पापण्या होत्या! त्यांच्याबरोबर आलेल्या नर्सरीतल्या एथेल सिस्टरने औषधांचा स्टीलचा ट्रे पुसून माझ्यासमोर धरला. "बघ गं, कशी दिसतेस." त्यात मी होते. लग्नातली.

"बोला काहीतरी," रोझारिओबाई म्हणाल्या. काय बोलणार! पाढे म्हणायला लागले. तेराचा पाढा शेवटपर्यंत म्हटला, आवाज एकदाही नाकात गेला नाही. बायका खाटांवर उठून बसल्या. मी हसत होते की रडत होते, आठवत नाही.

मग त्या म्हणाल्या, "आता हेच औषध, अगदी थेंबभर, तुमच्या मुलीला."

मला वर घेऊन गेले. पहिल्यांदा पाहिलं तिला. एवढीशी, चिंधीच्या बाहुलीसारखी, हातपाय पसरून पडलेली. नाकात नळी. सुई टोचली तरी फक्त कपाळाला आठी पडली, आवाज नाही. सगळे उभे. वीस मिनिटांनी एथेल सिस्टरने करंगळी तिच्या ओठांशी नेली.

ओढली! तिने करंगळी ओढली!

१५ फेब्रुवारी

रात्री तिचं अंग पुन्हा सैल पडलं. औषधाचा अंमल थोडाच वेळ टिकतो. दर दुधाआधी द्यावं लागणार. मलाही गोळ्या, दिवसातून चार वेळा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

हे आले होते तेव्हा रोझारिओबाईंनी दोघांना बसवून केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलं. मज्जातंतू स्नायूला निरोप पाठवतो – हाल, उचल, ओढ. दोघांच्या मध्ये केसाहून बारीक फट असते. निरोप ती ओलांडून पलीकडे जातो, तिथे तो घ्यायला पेट्या असतात. टपालपेट्या म्हणा. रोगजंतू आले की शरीर त्यांच्याशी लढायला अँटिबॉडीज बनवतं. माझ्या शरीराची ओळखण्यात चूक झालीय. ते आपल्याच पेट्यांना परकं समजलं आणि त्यांची तोंडं बुजवत सुटलं. निरोप येतो, आत जायला जागा नाही. सकाळी थोडंफार जातं, दिवसभरात तेही संपतं. गोळीने पेट्या मोकळ्या होत नाहीत, फक्त निरोप जास्त वेळ टिकतो, म्हणून काही आत पोचतात.

"मग बाळाला कसं झालं?" ह्यांनी विचारलं.

"बाळ पोटात असतानाच आई त्याला आपल्या अँटिबॉडीज देते. म्हणून तर तान्ह्या बाळाला सहसा गोवर होत नाही. चांगलीच गोष्ट आहे ती. त्याच वाटेने ह्याही गेल्या."

मी म्हटलं, "म्हणजे मीच दिलं."

"तुम्ही सगळंच दिलंत. त्यात हेही गेलं." मग म्हणाल्या, "पण ऐका. ती स्वतः हे बनवत नाही. तुमच्याकडचं जेवढं आलंय तेवढंच. काही आठवड्यांत संपेल. मग तिला काही नाही. तोवर जगवायचं, एवढंच आपलं काम."

हे तो केसपेपर घडी करून खिशात घालायला निघाले होते. बाईंनी परत मागून घेतला.

२० फेब्रुवारी

मला घरी सोडलं. तिला नाही.

घरात पाळणा बांधून तयार आहे. मी त्या खोलीत जात नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

रोजचं ठरलंय. सकाळी गोळी, दूध काढून बाटलीत, बस, हॉस्पिटल. काचेच्या ह्या बाजूला मी. आज कपाळ काचेला लावून उभी होते. एथेल सिस्टर म्हणाली, "ते डाग मला पुसायला लागतात हां." मग इकडेतिकडे बघून दार उघडलं. "हात धू. पाच मिनिटं."

पाच मिनिटं तिचं डोकं माझ्या तळहातावर होतं. बसमध्ये तो हात मी कशालाच लावला नाही. दुसऱ्याच हाताने दांडा धरला.

२६ फेब्रुवारी

घशात दूध अडकलं, निळी पडली. मशीनने ओढून काढलं. मला बाहेर काढलं. जिन्यात बसून होते. हे कामावरून थेट आले, माझ्या शेजारी बसले. किती वेळ, माहीत नाही. मला ओरडावंसं वाटलं – बोला ना! ह्याच्याआधीही आपण असे बसलो होतो, ते आठवतं का तुम्हाला? आठवतो का तो?

नाही ओरडले. सहा वाजता सिस्टर आली, म्हणाली, श्वास नीट चालू आहे.

१ मार्च

आज तीन चमचे तोंडाने.

४ मार्च, मंगळवार

विचारलं शेवटी. रोझारिओबाई एकट्या होत्या. "डॉक्टर, पहिला मुलगाही असाच सैल होता. ओढायचा नाही. रडायचा नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी त्याला बघितलेलं नाही. नक्की सांगता येत नाही."

"पण?"

"पण बहुतेक हेच."

"हे औषध तेव्हा होतं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षांपासून आहे."

घरी कशी आले, आठवत नाही.

५ मार्च

गोळी घेतली नाही. कशाला घ्यायची! डोळे मिटलेलेच बरे होते. थेंबभर औषध. थेंबभर! आणि मी त्याला मांडीवर घेऊन म्हणत होते – ओढ रे राजा, आळशी कुठला. आळशी म्हटलं मी त्याला.

दुपारी सासूबाईंनी वाटी आपटली. "गोळी घी." मी तोंड फिरवलं. मग सगळं सांगून टाकलं – बाईंनी काय सांगितलं, पेट्या, निरोप, पहिला. त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या. नंतर माझ्यामागे येऊन वेणी सोडवायला लागल्या. "दुधाचा मी बोललंय... ता इसर गो." हात सारखे खाली येत होते. आज त्यांचे.

ह्यांनाही सांगितलं, कामावरून आल्यावर. चपला काढत होते. एक पायात तशीच राहिली. "बरं," म्हणाले. बरं! आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

६ मार्च

गोळी घेतली. तिच्यासाठी.

११ मार्च, मंगळवार

रडली!! जिन्यावरूनच ऐकू आलं. कुणाचं बाळ म्हणून बघते तर माझंच. लालबुंद, मुठी आवळलेल्या. एथेल सिस्टर म्हणते, "आता झोपू देणार नाही बघ तुला, वाट लागली तुझी." लागू दे!

१३ मार्च

कालपासून तिला औषध नाही. तरी ओढते. अंगावर घेतलं. तिने ओढलं तेव्हा कळ पार पाठीत गेली. अशी कळ मला साडेतीन वर्षांपूर्वी हवी होती.

१८ मार्च, मंगळवार

घरी आणलं. निघताना रोझारिओबाईंनी सांगितलं, तिचं संपलं, माझं नाही. माझं आयुष्यभर सांभाळायचं. छातीत एक ग्रंथी असते, थायमस, तिच्या ऑपरेशनने पुष्कळांना गुण येतो – सहा महिन्यांनी बघू म्हणाल्या. मी म्हटलं, बघू.

३० मार्च, रविवार

बारसं झालं. उशिराच, पण झकास. प्रीती. सासूबाईंनी घुगऱ्या केल्या. एथेल सिस्टर आली, तिच्या मांडीवर प्रीती सगळ्यात जोरात रडली. मी सगळी नावं घेतली – देवाचं, महिन्याचं, हाकेचं. सगळ्या बायका हसत होत्या, मीही हसले, आता येतं मला हसायला. पण पाळण्याची दोरी हातात असताना एकाएकी रिकामंच वाटलं. एक पाळणा हलवायचा राहूनच गेला.

हे दारात उभे होते. माझ्याकडे बघत होते. मी नजर काढून घेतली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी चहा देताना विचारलं – "कुठे ठेवलंत त्याला?" हे उठले, शर्ट घातला, म्हणाले, "चल."

स्मशानाच्या मागचं कुंपण. करंजाचं झाड. तिथला म्हातारा रखवालदार, खंडू नाव, बाकावरून उठला. ह्यांना म्हणाला, "या दशरथभाऊ. ह्या महिन्याला उशीर केलात." मग मला बघून हात जोडले.

"मुकुंदाची आई काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. खाली बघत होते. "नाव त्याच दिवशी ठेवलं," म्हणाले. "इथे. नावाशिवाय ठेवून यायला जमेना मला."

मुकुंदा.

मुकुंदा.