खांब नसलेलं काचघर

१० एप्रिल १९११, ला चेर्बाइया

पोचलो एकदाचा! लुक्का स्टेशनपासून दोन तास घोडागाडीत हाडं खिळखिळी झाली, पण शेवटच्या वळणावर घर दिसलं आणि सगळा शीण उतरला. पिवळ्या गिलाव्याचं, हिरव्या झडपांचं, दीडशे वर्षांचं देखणं घर. आमच्या मिलानमध्ये अशी घरं पाडतात आणि मग त्यांची चित्रं दिवाणखान्यात लावतात.

मालकीणबाई सिन्योरा ऑर्तेन्सिया, साठीच्या, विधवा, काठीसारख्या ताठ. त्यांना लिंबांसाठी काचघर हवंय. अंगणात साठ कुंड्या आहेत, एकेक दोन गड्यांना न हलणारी. हिवाळ्यात त्या गोठ्यात कोंबतात. पूर्वी एक काचघर होतं म्हणे. त्याचं काय झालं विचारलं, तर "पडलं," एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्यांनी नाव घेऊन बोलावलंय. मनातल्या मनात कॉलर ताठ झाली.

स्वयंपाकीण झायरा हिने घेवड्याचं दाट सूप वाढलं, वर हिरवंगार ऑलिव्हचं तेल. मी दुसरा वाडगा मागितला. ती म्हणाली, "जेवा साहेब, पोटभर जेवा. अजून बरंच काम व्हायचंय तुमच्या हातून."

१८ एप्रिल

आठ दिवस नुसती मापं घेतोय. घर जुनं असलं की नव्या बांधकामाने त्याच्या शेजारी लग्नातल्या पाहुण्यासारखं नटून उभं राहू नये. घरातच जन्मल्यासारखं वाटलं पाहिजे. म्हणून तळमजल्याच्या खिडक्यांची कमान जशीच्या तशी काचेच्या चौकटींना उचलली. उत्तरेला दोन हात जाड दगडी भिंत, थंड वारा अडवायला. दक्षिणेला जमिनीपासून वळचणीपर्यंत काच. छपरालाही काचच, सिन्योरांचा तसा हट्टच आहे. कागदावर बघून मीच खूश झालो.

३ मे

पाया खणताना जुन्या काचघराचा पाया लागला. सरळ लांबोडका, पण पूर्वेचं टोक पाचकोनी.

मी कडेला उभा राहून बघत होतो. असं पाचकोनी टोक कोणी काढत नाही. मी काढलं होतं. एकदाच.

रात्री जेवण गेलं नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोकं हलकं होईल. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, काकांच्या कचेरीत नकाशे काढायचो. फोन्तानेले नावाच्या जागेसाठी एक काचघर काढलं. मापं टपालाने आली, मी इकडे कधी फिरकलोही नाही. मधले चार खांब मला डोळ्यात खुपत होते. खोडले. इथल्या गास्पेरो नावाच्या गवंड्याने पत्र लिहिलं, की आमच्याकडे बर्फ पडतो, खांब राहू द्या. मी उलट लिहिलं, "तुम्ही विटा रचा, डोकं आम्ही चालवतो."

फेब्रुवारी ९९ मध्ये बर्फाच्या भाराने छप्पर खाली बसलं. आत सात बायकामुली लिंबं निवडत होत्या. सातही गेल्या. चौकशीत मी लिहून दिलं की नकाशात खांब होते, गवंड्याने गाळले. तसा नकाशाही नव्याने काढून दिला. गास्पेरो तुरुंगात गेला आणि तिथेच मेला.

आज खड्ड्यापाशीच गड्यांना विचारलं, या घराला आधी काय म्हणायचे? फोन्तानेले. सिन्योरांनी मुलगी त्यात गेल्यावर नाव बदललं.

६ मे

निघून जावं? पण जाणं म्हणजे कबुलीच. त्या नकाशावर काकांची सही होती. माझं नाव फक्त जबानीखाली, आणि बारा वर्षांपूर्वीची जबानी कोण वाचत बसतंय?

२० मे

आज सिन्योरांनी सगळ्या गड्यांसमोर विचारलं, "ब्राम्बातीसाहेब, मध्ये खांब घालायचे की नाही? तुमच्या तोंडून ऐकायचंय." झायरा दारात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

खांब घालायलाच हवे होते. दोन दिवस तेच मनात होतं. पण घाला म्हणालो असतो, तर मागचं का पडलं ते मीच सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणालो, "आता पोलाद चांगलं मिळतं. नको खांब."

झायरा शेंगा सोलायला लागली आणि म्हणाली, "माझा नवरा म्हणायचा घाला म्हणून. अडाणी होता बिचारा."

ती गास्पेरोची बायको आहे.

२७ जुलै

काचा बसल्या. उन्हात सगळं लखलखतंय. हिशेब चार वेळा तपासला, पोलाद पेलेल. सुंदर झालंय, खरंच सुंदर झालंय.

एका काचेवर हाताचा ठसा होता. गड्याचा असेल. पुसायला सांगितलं.

३१ जुलै

ठसे वाढलेत. सात जोड्या, बायकांच्या हातांच्या. एक जोडी लहान. व्हिनेगरने पुसले. बाहेरून पुसले, आतून पुसले. जात नाहीत. बाहेरच्या बाजूला नाहीत, आतल्याही नाहीत — काचेच्या मध्ये आहेत.

सिन्योरा लहान पंजासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "माझ्या इझोलिनाचं मधलं बोट थोडं वाकडं होतं," म्हणाल्या. मी पाहिलं. वाकडं आहे.

५ ऑगस्ट

बॅग भरली. गाडीवान म्हणाला, घोडा लंगडतोय. घोडा धडधाकट आहे. त्याला तसं म्हटलं तर हसला. म्हणाला, "साहेब, माझी बहीण तुमच्या काचघरात बारा वर्षं थांबलीय. तुम्ही दहा दिवस थांबा की."

तुमच्या, म्हणाला.

९ ऑगस्ट

पायी निघालो होतो. पुलावर गावातले लोक उभे होते. कोणी हात लावला नाही. नुसते उभे. परत आलो.

झायराने जेवण वाढलं. मी तिच्या पाया पडलो असतो. तिने विचारलं, "काही सांगायचंय, साहेब?" नाही म्हणालो.

का नाही म्हणालो —

१५ ऑगस्ट, सकाळ

आज इथला उन्हाळ्याचा मोठा सण. सगळं गाव नवं काचघर बघायला आलंय. सिन्योरा म्हणतात, बांधणाऱ्याने आधी एकट्याने आत जायचं, अशी इथली रीत आहे. अशी कुठलीच रीत नाही. पण इतके जण बघत असताना नाही कसं म्हणू? एक फेरी मारायची आणि बाहेर यायचं.

दुपार

आत आहे. दार बाहेरून लावलेलं नाही. उघडत नाही. चौकट वाकलीय, दार तिच्यात अडकलंय.

बाहेर कडक ऊन. लोक ओकच्या झाडाच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलेत, सदऱ्याच्या बाह्या वर करून. झायरा कलिंगड कापतेय.

छपरावर अंधारून आलंय. वर पांढरं काहीतरी — साचतंय. माझा श्वास दिसतो. बोटं बधिर.

काचेवर स्टूल घातलं. तडा जात नाही. ठसे सरकून तिथेच येतात, आतून दाबून धरतात —

तुळया कण्हताहेत. हिशेबात हे वजन नव्हतं. ऑगस्टमध्ये कोण —

सिन्योरा काचेजवळ आल्या. माझी जबानी आहे त्यांच्या हातात. काचेला टेकवून धरलीय, सहीवर बोट. म्हणतात, "लिहा. वही आहे ना हातात? खरं काय ते लिहा."

लिहिलं तर सोडाल का, विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे धरलंय तुम्हाला?"

लिहितो. खांब काकांनी काढाय —

मधली तुळई वाकली. काच पडली, दोन तावदानं. बर्फ आत —

नाही. काका नाही. थांबा, लिहितो, खरं लिहितो. गास्पेरोने नाही. खांब मी का