डबा, झाकणासकट

२८ जुलै, रविवार
तोच बुटांचा रॅक. तेच हिरवे स्लिपर. सेंदाईच्या वरच्या डोंगरातला तोच लॉज, तोच ज्यू समर कँप. नऊ वर्षांची असताना इथे राहायला आले होते. आता एकवीस. काउन्सेलर! गळ्यात शिटी.

माझ्या खोलीत सात मुली. त्यातली नीलिमा आठ वर्षांची, इचिकावा शहरातली. आमच्यासारखीच बेने इस्राएल — अलिबागकडची मराठी ज्यू. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते. कुणीतरी तिला विचारलं, "तू इंडियन की ज्यू?"
ती म्हणाली, "इचिकावा."

२९ जुलै, सोमवार
डायरेक्टरबाईंनी जाहीर केलं — शुक्रवारी शब्बाथच्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या घरचा एक पदार्थ. टाळ्या. नीलिमा वाजवत नव्हती. तो चेहरा मला माहितीय.

३० जुलै, मंगळवार
आज क्रियापदांशिवाय लिहायचं. पाऊस. कयाक रद्द. ओले मोजे, सात जोड्या. नीलिमाचे बाबा फोनवर. शुक्रवारचा पदार्थ — मलिदा.
झालं.

३१ जुलै, बुधवार
मोजे वाळत घालताना नीलिमा हळूच, "ताई, पार्सल हरवलं असं सांगशील?"
मराठीत! म्हणजे काम गंभीर.
पार्सलमध्ये मलिद्याचं सामान. पोहे, सुकं खोबरं, वेलची. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने आमच्याकडे करतात. बाकीच्या ज्यूंना ठाऊक नाही. बाकीच्या मराठी लोकांना मलिदा म्हणजे टेंडरमधला.
"सगळे म्हणतील, हे ज्यू नाहीये."
"बघू," म्हटलं. भित्री.

कारण मी तेच केलं होतं. त्या वर्षी आईने मलिदा करून कुरिअरने पाठवला, तिच्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात. झाकणावर कोरलेलं — सौ. कल्पना. एका मुलीने विचारलं, हे काय? मी म्हटलं, शेजारच्या हिंदू काकूंनी दिलंय. मग स्वयंपाकघरामागे जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकला. डब्यासकट.
घरी सांगितलं, सगळ्यांना आवडला, पण डबा हरवला. आई म्हणाली, "हरवू दे."
त्यानंतर आमच्याकडे मलिदा झाला नाही. विचारलं की आईचं ठरलेलं — "इथे कोण खातंय."
बारा वर्षांत कुणालाच बोलले नाही हे.

१ ऑगस्ट, गुरुवार
पार्सल आलं. हरवणं माझ्याच हातात होतं. त्याऐवजी नीलिमाला डब्याची गोष्ट सांगितली. वाटलं, आता ही माझ्याकडे बघणार नाही. ती हादरली, पण भलत्याच कारणाने.
"स्टील? मोएरु गोमीत?"
"हो. जाळायच्या कचऱ्यात."
"ताई, कचरागाडीवाले ते उचलतच नाहीत मग. चूक म्हणून स्टिकर लावून तिथेच ठेवतात."
हे मला बारा वर्षांत सुचलं नाही.
"आई रागावली?"
"तिला माहीतच नाही."
ती पार्सलची चिकटपट्टी सोलत बसली. मग म्हणाली, "पोहे किती वेळ भिजवायचे?"
मला काय माहीत!

२ ऑगस्ट, शुक्रवार
तासभर भिजवले. लगदा. नीलिमाने त्यातच साखर, खोबरं, वेलची कालवली, भोवती पाच फळं लावली आणि ताट सरळ टेबलाच्या मध्यभागी.
एक पोरगा म्हणाला, "ओटमील?"
"मलिदा."
"हे ज्यू आहे?"
"मी केलंय," नीलिमा म्हणाली. "मी आहे. मग आहेच."
तिघांनी खाल्लं. एकाने पुन्हा घेतलं — तो बहुतेक नुसताच भुकेला होता. उरलेलं आम्ही दोघींनी चमच्याने संपवलं. टाकलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार
कोतोला, घरी. आई भेंडी चिरत होती. सगळं सांगून टाकलं — नीलिमा, लगदा, आणि डबा हरवला नव्हता हे.
तिने सुरी ठेवली. स्टुलावर चढली. वरच्या कपाटातून डबा काढला. आत पिवळा स्टिकर, घडी घातलेला: वर्गीकरण चूक. उचलला नाही.
"लॉजवाल्यांनी धुऊन पाठवला. कँपमध्ये इंडियन घर एकच होतं ना. त्या वर्षी तू घरी यायच्या दोन दिवस आधी आला."
मी स्टिकर पुन्हा वाचला.
ती ओढणीने झाकण पुसत राहिली. "तासभर भिजवलेत? नुसते धुवायचे असतात गं."