चित्र नको, फक्त आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११, दुकानात

"तुला बघायचं नसलं की तू म्हणतेस, मी ऐकतेय ना." आई म्हणाली होती. मी नऊ वर्षांची असेन. ती अंगणात कोंबडी कापत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. आज हे का आठवलं कळत नाही. नवी वही उघडली की काहीतरी आठवावं लागतं, म्हणून असेल.

निश्चय. रोज लिहायचं. आणि २२ तारखेला आमच्या लेकीच्या, सोदामच्या बाबांचा वाढदिवस आहे, तर यंदा मोजे द्यायचे नाहीत. शिकवणीची व्हॅन चालवताना ते मुलांशी जे बोलतात, गातात, त्याचं छानसं रेकॉर्डिंग करून द्यायचं. कल्पना संपूर्ण माझी.

साहित्य घरातच आहे. व्हॅनच्या काचेला ब्लॅकबॉक्स कॅमेरा आहे, तो समोरचा रस्ता आणि आतला आवाज दोन्ही टिपतो. त्याचं कार्ड दर सोमवारी मी रिकामं करते. आधी ते स्वतःच करायचे. उन्हाळ्यापासून म्हणतात, त्या स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी आहेत, बनवणाऱ्यांना अक्कल नाही. खरंच नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वेबसाइट सापडली. व्हिडिओ टाकायचा, आवाज वेगळा होऊन मिळतो. सगळं ब्राउझरच्या आत होतं, फाइल कुठेही बाहेर जात नाही असं लिहिलंय. लिहिलेल्यावर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. वायफाय बंद करून पाहिलं. तरी काम चालू. म्हणजे खरं आहे. हे महत्त्वाचं, कारण लोकांच्या लेकरांचे आवाज आहेत. ते कुठे अपलोड झाल्याचं शिकवणीच्या संचालिका प्योबाईंना कळलं तर आमची व्हॅन दुसऱ्या दिवशी दारात उभी.

ब्लॅकबॉक्स एकेका मिनिटाचे तुकडे करतो. मी साठ तुकडे एकदम टाकले. ब्राउझर म्हणाला, हे पान प्रतिसाद देत नाही. आमच्या घरात हे कबूल करणारं पहिलंच कुणी.

आवाज निघाला की व्हिडिओ पुसून टाकते. फार जागा खातो. आणि रस्त्याचं काय बघायचं? रोजचाच रस्ता.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी, दुकानात

गिऱ्हाइकांच्या पँट आखूड करता करता कानात लावून ऐकलं. किती गोड! ते मुलांशी एक खेळ खेळतात. सिग्नल जवळ आला की मोठ्यानं विचारतात, "कोण आधी रंग सांगतो?" मुलं किंचाळतात. "लाल!" "हिरवा!" पहिल्याला संत्र्याची गोळी.

युल नावाची एक तरतरीत मुलगी आहे. ती म्हणाली, "काका, तुम्हीच कधी सांगत नाही!" तर हे म्हणाले, "मी सांगितलं तर सगळ्या गोळ्या मलाच खाव्या लागतील. मला शुगर आहे गं." मुलं हसली. मीही हसले. मागून ओकबुन आजींचं घोरणं. मुलांवर लक्ष ठेवायला त्यांना व्हॅनमध्ये बसवलंय.

सोदाम लहान असताना तिच्याशी असं कधी खेळले नाहीत. वय वाढलं की माणूस मऊ होतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

या आठवड्याच्या कार्डात खेळ पुढे गेलाय. आता पाटीवरचं नाव, समोरच्या गाडीचा रंग, सगळंच विचारतात. "झेब्रा क्रॉसिंगवर कोण आहे? आजी की आजोबा?" "कुणीच नाही, काका!" "मग चला!" मुलांची निरीक्षणशक्ती किती वाढत असेल. प्योबाईंना सांगायला हवं, त्या हे माहितीपत्रकात छापतील.

गोळ्यांचं पाकीट आठवडाभर पुरायचं. आता तीन लागतात.

संध्याकाळी त्यांनी सोया सॉस समजून भाजीत व्हिनेगर ओतलं. सोदाम म्हणाली, "बाबा, नवीन रेसिपी का?" ते म्हणाले, "तुझ्या आईच्या हातची चव बदलावी म्हटलं." बाटल्या अगदीच सारख्या आहेत. निश्चय: व्हिनेगरच्या बाटलीला लाल दोरा बांधायचा. लगेच बांधला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लाल दोरा सोडून जाड दोरी बांधली. हाताला लागेल अशी.

दुपारी तीनला त्यांचा फोन. म्हणाले, यायला उशीर होईल, धुकं फार आहे, सावकाश चालवतोय. आमच्या छुनछॉन शहरात तळ्यांमुळे धुकं असतंच, त्यात नवल नाही. फोन ठेवून दुकानाबाहेर डोकावले. स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरच्या बाईंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. तळ्याकडे असेल धुकं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारचा एक तुकडा. चार बेचाळीस.

"कोण आधी..." आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत युल, "लाल! काका, लाल! लाल!" मग ब्रेक. गोळ्यांचा डबा पडला. गोळ्या बराच वेळ घरंगळत राहतात. मग ओकबुन आजी, "काय झालं? आली का शिकवणी?" मग हे, "काही नाही. धुकं आहे. धुकं." आणि युल अगदी हळू, "कुठंय धुकं, काका?"

तिथे मिनिट संपतं.

हा तुकडा भेटीत घेणार नाही. त्यात काही मजा नाही. एकदा वाटलं, व्हिडिओ बघावा. बाण फाइलवर नेऊन ठेवलासुद्धा. पण दुकानात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावर पुसला. कचरापेटीही रिकामी केली. मी मुळातच नीटनेटकी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०

प्योबाईंचा फोन. एका आईची तक्रार आलीय. शुक्रवारी व्हॅन लाल दिव्याला थेट झेब्रावर शिरली. तिची मुलगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. सायकलच्या चाकापासून हातभरावर गाडी थांबली म्हणे.

"वहिनी, तेवढा व्हिडिओ पाठवून द्या," प्योबाई म्हणाल्या. "मला त्या बाईचं तोंड बंद करायचंय. नऊ वर्षं गाडी चालवतायत तुमचे यजमान, आरशाला ओरखडा नाही. अशा माणसावर बोट ठेवते?"

मी म्हणाले, कार्ड काल रिकामं केलं. दर सोमवारी करते. यात एक शब्द खोटा नाही. आवाजाचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माझ्या कॉम्प्युटरमधून काही बाहेर जात नाही.

जीव भांड्यात पडला, असं लिहिणार होते. पडलेला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डोळ्यांचा नंबर तपासून घ्या, असं त्यांना सांगायचं ठरवलंय. वाढदिवस झाल्यावर. वाढदिवसाच्या तोंडावर असले विषय काढू नयेत.

भेट तयार. बारा मिनिटांची. सुरुवातीला खेळ, मध्ये आजींचं घोरणं, शेवटी त्यांचं गाणं. काम इतकं सफाईदार झालंय की मलाच आश्चर्य वाटतं. सोदाम म्हणेल, आई, हे तू केलंस?

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपार

वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप चांगलं जमलं होतं. जेवताना भेटीचं रेकॉर्डिंग लावलं. ते लाजले, कान लाल झाले. आजींच्या घोरण्याला सोदाम खो खो हसली.

चौथ्या की पाचव्या "कोण आधी रंग सांगतो"ला तिचा चमचा थांबला.

"बाबा, तुम्ही स्वतः का नाही सांगत?"

"खेळ आहे गं तो."

"मग माझ्याशी खेळा. समोरच्या घड्याळात किती वाजले?"

ते घड्याळाकडे बघत नव्हते. थोडं बाजूला, फ्रिजकडे बघत होते. म्हणाले, "जेवायची वेळ झालीय, एवढं कळतं मला." कुणी हसलं नाही. रेकॉर्डिंगमधली मुलं तेवढी हसत होती. मला ते बंद करता येईना, बटण कुठे आहे तेच आठवेना.

सोदाम माझ्याकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

मी म्हणाले, "मी ऐकत होते ना."

मग त्यांनी सांगितलं. मे महिन्यापासून नजरेच्या मधोमध एक डाग आहे. साखरेमुळे डोळ्यात आतून रक्त येतं. आधी वाटाण्याएवढा होता. डॉक्टरांनी तेव्हाच गाडी सोडायला सांगितलं होतं. "पण कडेनं दिसतं," ते म्हणाले, जणू आमचीच समजूत काढत होते. "कडेनं तुम्ही दोघी चांगल्या दिसता."

सोदाम म्हणाली, "सोमवारी गाडी काढणार नाही ना?"

ते म्हणाले, "बारा मुलं कोपऱ्याकोपऱ्यावर थंडीत उभी असतात. ती माझी वाट बघतात. आणि व्हॅन नसेल तर मी सकाळी उठून जायचं कुठे?" मग सूप संपवलं. व्हिनेगरची बाटली बरोबर ओळखली, दोरीवर बोट फिरवून.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९

नवी योजना. ओकबुन आजींच्या जागी मी बसायचं. सोदामच्या बाबांच्या शेजारी बसून दिवे मीच सांगायचे, हळूच, मुलांना कळणारही नाही. प्योबाईंना आवडेल. कशी नाही सुचली आधी!

सकाळी ९.४०

शुक्रवारचा तुकडा पुन्हा लावला. गोळ्या किती वेळ घरंगळतात ते मोजलं. अकरा सेकंद. युलनं "लाल" म्हटल्यापासून ब्रेक लागेपर्यंत तीन. मी युलपेक्षा लवकर सांगू शकणार नाही. त्या मुलीचे डोळे आठ वर्षांचे आहेत.

मे महिन्यापासून. आणि मला वाटत होतं, माणूस मऊ होतोय.

सकाळी १०.१५

तो तुकडा प्योबाईंना पाठवण्यासाठी मेसेजला जोडून ठेवलाय. अजून पाठवलेला नाही. आधी सोदामच्या बाबांना विचारायचं ठरवलंय. बायकोनं आधी नवऱ्याला विचारावं म्हणून नाही. ते नाही म्हणणार आहेत, आणि ते त्यांनी माझ्या तोंडावर म्हणावं म्हणून.

खिडकीतून खाली दिसतायत. व्हॅनची पुढची काच पुसतायत. तिसऱ्यांदा. काच केव्हाच लख्ख झालीय, ऊन पडलंय तिच्यावर. ते कापड पिळतात आणि पुन्हा त्याच जागी, मधोमध, घासत राहतात.

चप्पल घालते. खाली जाऊन काय म्हणायचं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे जिन्यात बदलणार नाही.

सोदामचे बाबा, ते कापड ठेवा. माझ्याकडे बघा. कडेनं बघा, पण बघा. मीही बघते. आणि चावी माझ्या हातात द्या.